घातांकीय संख्यालेखन
फार मोठी वा फार लहान संख्या, १ किंवा त्याहून मोठा पण १० पेक्षा लहान असा गुणक आणि १० चा घात यांच्या गुणाकाराच्या रूपात लिहिण्याची पद्धती. उदा., प्रकाशाचा निर्वातातील वेग दर सेकंदाला सु. ३ × १०⁸ मी. असून प्लांक स्थिरांक ६.६२६०७०१५ × १०⁻³⁴ जूल-सेकंद आहे. हा स्थिरांक नेहमीच्या रीतीने लिहिल्यास दशांश चिन्हानंतर प्रथम ३३ शून्ये द्यावी लागतील.

प्राचीन काळी मोठ्या संख्यांना स्वतंत्र नावे देत असत. शुक्ल यजुर्वेदाच्या वाजसनेयी संहितेत ‘एक’ पासून ‘परार्ध’ पर्यंत दसपटीने वाढणारी तेरा नावे आढळतात. तेथे परार्ध म्हणजे १०¹² होय. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) अशी अठरा स्थाने असल्याने परार्धाचे मूल्य १०¹⁷ होते. नाव तेच राहिले, परंतु मूल्य एक लाख पट झाले. असाच घोटाळा ‘बिलियन’ या संज्ञेबाबतही होता : अमेरिकेत ती १०⁹ साठी, तर ब्रिटनमध्ये १०¹² साठी रूढ होती. ब्रिटिश शासनाने १९७४ मध्ये अमेरिकी अर्थ स्वीकारला.

नावांची ही मर्यादा ओलांडण्याचा प्रयत्न आर्किमिडीज (इ. स. पू. सु. २८७–२१२) यांनी केला. संपूर्ण विश्व भरण्यास लागणाऱ्या वाळूच्या कणांची संख्या सांगण्यासाठी त्यांनी १०⁸ च्या पटींनी वाढणाऱ्या श्रेणी कल्पिल्या. आजच्या लेखनात त्यांचे उत्तर १०⁶³ असे येते. मात्र ते मांडण्यास सुटसुटीत चिन्ह त्यांच्याजवळ नव्हते. संख्येच्या उजवीकडे वर घातांक लिहिण्याची रीत रने देकार्त यांच्या १६३७ मधील भूमितीविषयक ग्रंथामुळे रूढ झाली. ऋण घातांकांचा अर्थ जॉन वॉलिस यांनी १६५६ मध्ये विशद केला व आयझॅक न्यूटन यांनी त्यांचा प्रत्यक्ष वापर केला.

या पद्धतीत गुणाकार करताना घातांकांची केवळ बेरीज करावी लागते. तसेच मापनाची अचूकताही स्पष्ट होते. ‘३,०००’ यातील किती अंक विश्वसनीय आहेत हे कळत नाही, ३.० × १०³ असे लिहिल्यास दोनच अंक सार्थ आहेत, हे उघड होते. मात्र घातांकात एकाची चूक झाल्यास मूल्य दसपट बदलते. म्हणून वाचताना घातांकाकडे प्रथम लक्ष देणे इष्ट ठरते.

आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीत २०२२ मध्ये क्वेट्टा (१०³⁰) व क्वेक्टो (१०⁻³⁰) यांसारख्या उपसर्गांची भर पडली. अशा रीतीने नावे देण्याची प्रथा चालूच राहिली आहे. परंतु आता त्यांचा अर्थ घातांकानेच निश्चित केलेला असल्याने परार्धासारखी संदिग्धता उरत नाही.