पोळा, पोया, पोरा

मंडळी, पोळ्यापासून सुरुवात करू. श्रावण अमावस्येला आपण बैल सजवतो, तो सण पुस्तकात 'पोळा'. भद्रावतीहून पश्चिमेला वर्धा नदी ओलांडून वणी-यवतमाळकडे गेलं, की जुन्या माणसांच्या तोंडी त्याचा 'पोया' होतो. पूर्वेला नागभीड-ब्रह्मपुरीच्या झाडीपट्टीत तो 'पोरा'. तसंच पुढे छत्तीसगडात उतरलात तर तिथेही 'पोरा'च. भाषा बदलली, बैल तेच.

आपण बसलोय या दोन्हींच्या मधे. सून नदीपलीकडची असली की एकाच घरात 'डोया' आणि 'डोरा' दोन्ही ऐकू येतात.

हे बिघडलेलं मराठी आहे का? शाळेत आपल्याला तसंच सांगितलं. पण मुळात संस्कृतात शब्द होते 'फल' आणि 'काल'. दोन स्वरांच्या मधला हा ल मराठीत जीभ मागे वळवून ळ झाला, म्हणून फळ, काळ. गुजराती-ओडियातही तसंच झालं. हिंदीने ल ठेवला. म्हणजे ज्या ळ-साठी आपल्याला दटावलं, तोही एका बदलाचाच. जिभेचा शेंडा टाळूला नुसता झटकन लागला की र, लागलाच नाही तर य. करून बघा, इथे कोणी हसणार नाही. तिकडे कोकणकिनाऱ्यावरच्या आगरी बोलीत ळ-चा पुन्हा ल झालाय.

आणि यात नेम आहे. 'डोरा' म्हणणारा माणूस लाकडाला कधी 'राकूड' म्हणत नाही. शब्दाच्या आरंभीचा ल तो जागच्या जागी ठेवतो. अज्ञान इतकं शिस्तीचं नसतं.

आता थोडं नकाशाकडे. वर्धेपलीकडचा वऱ्हाड निजामाचा, १८५३ पासून इंग्रजांच्या कारभारात. अलीकडचा चांदा नागपूरकर भोसल्यांचा, तो १८५४ मध्ये खालसा झाला. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीचा खंड १९०५ चा. बायबलमधल्या उधळ्या मुलाची एकच गोष्ट त्यात बोलीबोलींत लिहून घेतलीय. वऱ्हाडी एक, नागपुरी दुसरी. आम्हाला ही नावं कानापेक्षा महसुली नकाशावरून पडल्यासारखी वाटतात. झाडीबोली म्हणून या बोलीचा नेटाने अभ्यास व्हायला भंडारा जिल्ह्यातल्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांची वाट पाहावी लागली.

दरम्यान १९६० ला महाराष्ट्र झाला, १९६७ ला बालभारती. पुस्तक सगळ्यांना एकच मिळालं, हे चांगलंच झालं. पण वर्गात 'कारा फरा' म्हणणाऱ्या पोराला सगळा वर्ग हसला, गुरुजीही हसले, आणि तो पुढे हात वर करेनासा झाला. आमच्यातले काही जण तेच पोर होते. लिहिताना ळ हवाच, त्यावर आमचं भांडण नाही. बोलताना हसण्याचं कारण काय, एवढंच आम्ही विचारतोय.

दाराशी एक वही ठेवलीय. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला डोळा, केळी, काळा हे शब्द बोलायला लावा, आणि कानाला ऐकू आलं तसंच उद्या त्यात लिहा. गावाचं नावही लिहा. दुरुस्त मात्र करू नका.