पाचवीपासून पहिल्या वाढदिवसापर्यंत

नात्यात कुठे बाळ आलं की मला ठरलेले फोन येतात. पाचवी करायची की सहावी? बारसं बाराव्याच दिवशी हवं का? मुलीचं जावळ काढतात का हो? निवृत्त शिक्षिका म्हणजे चालतं-बोलतं पंचांग, असा आमच्या घराण्यात समज आहे. उत्तरं मी दोन वाक्यांत देते, पण दरवेळी मला वेगळाच प्रश्न पडतो. पाचवी, बारसं, कान टोचणं, उष्टावण, जावळ, बोरन्हाण, वाढदिवस... पहिल्या एका वर्षात एवढे समारंभ कशासाठी कोंबले असतील? पुढच्या साठ-सत्तर वर्षांत तर माणसाच्या वाट्याला मुंज (तीही सगळ्यांच्या नाही) आणि लग्न, एवढंच येतं.

यातलं शास्त्रातलं किती आणि बायकांच्या रीतीतलं किती, ते आधी वेगळं करू. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात यादी मिळते. नाव दहाव्या किंवा बाराव्या दिवशी, चौथ्या महिन्यात बाळाला घराबाहेर काढायचं, सहाव्यात अन्न, पहिल्या किंवा तिसऱ्या वर्षी चौल, म्हणजे आपलं जावळ. गृह्यसूत्रं त्याहून जुनी. आश्वलायन गृह्यसूत्रात उष्टावणाला काय भरवायचं सांगितलंय माहीत आहे? बकऱ्याचं मांस, तित्तिर पक्ष्याचं मांस किंवा तूपभात, ज्याला बाळाच्या अंगी जो गुण हवा त्याप्रमाणे! चांदीच्या वाटीतली खीर हीच सनातन परंपरा असं मानणाऱ्या माझ्या एका वहिनींना हे सांगितलं, तर त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. महामहोपाध्याय पां. वा. काण्यांच्या ‘धर्मशास्त्राच्या इतिहासा’त, १९४१ साली निघालेल्या दुसऱ्या खंडात, हे सगळे संस्कार ओळीने आले आहेत. जिज्ञासूंनी जरूर पाहावं.

आता आपल्या घरातलं पाहा. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगते ती आत्या. पाळणा सजवायचा, कुंच्या-टोपडी शिवायची, घुगऱ्या वाटायच्या, सगळं बायकांचं. उष्टावणाला मामा हवा, जावळालाही मामाचीच मांडी. पोथीत नाव ठेवण्याचा मान बापाचा असतो. आत्या तिथे कुठेच नाही.

आणि पाचवीची सटवाई! बाळंतिणीच्या खोलीत पाटा-वरवंटा मांडायचा, शेजारी कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते, म्हणून दिवा विझू द्यायचा नाही आणि कुणीतरी जागं राहायचं. लहानपणी मला यातला कागद फार आवडे. सकाळी तो कोराच असायचा, पण आजी म्हणायची, ते अक्षर आपल्याला दिसत नाही. शिक्षिका झाल्यावर, वाचन वाढल्यावर, लक्ष गेलं ते जागरणाकडे. पूर्वी नाळ विळ्याने, कोयत्याने, हाताला येईल त्या पात्याने कापत. त्यातून नवजात बाळाला धनुर्वात होई, आणि तो बहुतेक पहिल्या पंधरवड्यातच दिसे. बाळ दूध ओढेनासं होई, मग आकडी. म्हणजे ज्या रात्री घर जागत होतं, त्याच दिवसांत बाळं जात होती. ही सांगड माझी, पोथीतली नव्हे. पण कारण ठाऊक नसलेल्या बायकांना वेळ मात्र बरोबर ठाऊक होती असं मला वाटतं. भारतातून नवजात बाळांचा धनुर्वात आटोक्यात आल्याचं जाहीर झालं ते २०१५ साली. फार जुनी गोष्ट नाही.

डॉक्टर आनंदीबाई जोशी आपण ‘पहिली स्त्री डॉक्टर’ म्हणून शाळेत शिकवतो. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि तो दहा दिवस जगला. मी हा धडा कित्येकदा वर्गात शिकवला, पण ‘दहा दिवस’ या शब्दांचा अर्थ घरात नातवंडं आल्यावर कळला. बारशाच्या आधी. त्या दुःखातून त्या वैद्यकीकडे वळल्या, १८८६ साली अमेरिकेत पदवी मिळवली आणि १८८७ मध्ये, बाविसाव्या वर्षाच्या आतच, गेल्या.

आमच्या घरीही माझ्या पाठचा भाऊ आठव्या महिन्यात गेला. उष्टावण झालं होतं, जावळ व्हायचं होतं. मी जेमतेम तीन वर्षांची, मला काही आठवत नाही. मात्र त्याच्या पायातले वाळे आईच्या ट्रंकेत तळाशी होते, आणि त्यानंतरच्या भावाला घरात दहा वर्षांचा होईपर्यंत ‘दगड्या’ म्हणत. खरं नाव छान होतं, पण हाक मारायची ती दगड्या. जुन्या मराठी घरांत धोंडू, दगडू, भिकू, केरू ही नावं अशीच येत. आधीची मुलं गेली की पुढच्याला टाकाऊ नाव द्यायचं, म्हणजे मृत्यूची नजर जाणार नाही. काजळाची तीट आणि हे नाव, दोघांचं काम एकच. १९७१ साली देशात जन्मलेल्या हजार बाळांपैकी १२९ वर्षाच्या आत जात. २०२० मध्ये हा आकडा २८ वर आला, महाराष्ट्रात तर १६. आमच्या आईच्या काळी पहिला वाढदिवस म्हणजे वर्षभर श्वास रोखून धरलेल्या घराने सोडलेला श्वास होता.

नावांचंच निघालंय तर आणखी एक. दगडू हे नाव मूल राहावं म्हणून ठेवत. नकुशी हे नाव मुली पुन्हा होऊ नयेत म्हणून. सातारा जिल्ह्यात २०११ साली अशा दोनशेहून अधिक मुलींना जिल्हा परिषदेने समारंभ करून नवी नावं दिली. बारसंच ते, फक्त काही वर्षं उशिरा झालेलं. हे आठवलं की मला ‘आपल्या संस्कृतीत’ अशी सुरुवात करणारी भाषणं ऐकवत नाहीत.

शास्त्रही मुलींच्या बाबतीत हात आखडूनच आहे. मनू म्हणतो, मुलींचे हे संस्कार करावेत, पण मंत्राविना. बोरन्हाण मला आवडतं ते याचसाठी. सोळा संस्कारांत ते कुठेच नाही, त्याला मंत्र नाही, भटजी नाही, म्हणून मुलगा-मुलगी हा फरकही नाही. संक्रांत ते रथसप्तमी कधीही करा. काळं झबलं, हलव्याचे दागिने, डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे, भुईमुगाच्या शेंगा. पोरं वेचायला धावतात, उत्सवमूर्ती भोकाड पसरते. (हल्ली चॉकलेटं टाकतात म्हणून नाकं मुरडू नका. भुईमूगही मूळचा दक्षिण अमेरिकेतला, तोसुद्धा कधीतरी नवाच होता की!)

राहता राहिला वाढदिवस. तो इंग्रजांकडून आला हे अर्धंच खरं. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९० च्या सुमारास लिहिलेल्या ‘धर्मसिंधू’त जन्मदिवसाचा विधी आहे. मार्कंडेय आणि चिरंजीवांची पूजा, तीळगूळ घातलेलं दूध. केक आणि मेणबत्त्या तेवढ्या उसन्या. पण हे सगळं जन्मदिवस माहीत असणाऱ्यांसाठी. आमच्या शाळेच्या जनरल रजिस्टरात पानंच्या पानं एक जूनला जन्मलेली मुलं असत. आईबापांना तारीख सांगता येत नसे, शाळा जूनमध्ये उघडे, आणि प्रवेश घेताना रकाना रिकामा ठेवून चालत नसे. जन्मनोंदणीचा कायदा १९६९ साली झाला, तो खेड्यापाड्यांत मुरायला आणखी बरीच वर्षं गेली. माझ्या आईची तारीखही कुठे लिहिलेली नव्हती. ती सांगायची, “रथसप्तमीच्या दुसऱ्या दिवशी, ज्या वर्षी विहीर आटली त्या वर्षी.” एवढ्यावरून मी जुनी पंचांगं घेऊन बसले होते. दोन वर्षं निघाली, आणि दोन्ही वर्षी विहीर आटल्याचं सांगणारी वेगवेगळी म्हातारी माणसं निघाली.