कॉम्प्रेस्ड व्हिडिओतली हलणारी वस्तू मोबाईल, कॅमेरा कसा ओळखतो?

आषाढी वारीत तुकोबांची पालखी बारामती, इंदापूरमार्गे पंढरपूरला जाते. बेलवाडीच्या आणि इंदापूरच्या रिंगणात अश्व धावायला लागला की सगळ्यांचे मोबाईल वर होतात. त्या व्हिडिओत अश्व धावतो, पताका फडकतात आणि अश्वामागे आपला मोबाईलही फिरतो. आपल्याला अश्व लगेच दिसतो. मशीन तो वेगळा कसा काढतं, ते आज मी सोप्या भाषेत सांगतो.

व्हिडिओ कॉम्प्रेस होतो म्हणजे काय?

फुल एचडी फ्रेम म्हणजे १९२० × १०८०, जवळपास २०.७ लाख पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलला ३ बाइट आणि सेकंदाला २५ फ्रेम धरल्या, तर एका मिनिटाला ९ जीबीपेक्षा जास्त जागा लागेल! म्हणून २००३ साली आलेल्या एच.२६४ सारखे कोडेक वापरतात.

कोडेक अधूनमधून एक फ्रेम पूर्ण साठवतो. तिला आय-फ्रेम म्हणतात. मधल्या फ्रेमचा फक्त बदल लिहितो. त्यासाठी फ्रेमचे १६ × १६ पिक्सेलचे चौकोन, म्हणजे मॅक्रोब्लॉक पाडतो आणि आधीच्या फ्रेममध्ये तसाच तुकडा कुठे आहे ते शोधतो. तिथून किती आणि कुठल्या दिशेला सरकायचं, याची नोंद म्हणजे मोशन व्हेक्टर.

हालचाल वेगळी कशी काढतात?

गंमत बघा, हालचालीची माहिती फाइलमध्ये आधीच लिहिलेली असते. त्यामुळे २० लाख पिक्सेल तपासण्याऐवजी ८,१६० मॅक्रोब्लॉकचे व्हेक्टर वाचले तरी सुरुवात होते.

१. बहुतेक सगळे व्हेक्टर एकाच दिशेला असतील, तर ती मोबाईलची हालचाल. ती वजा करायची.
२. आजूबाजूच्या ब्लॉकशी न जुळणारे एकटे-दुकटे व्हेक्टर गाळायचे.
३. एकाच दिशेला जाणाऱ्या शेजारच्या ब्लॉकचा गट करायचा.
४. तो गट पुढच्या फ्रेममध्येही पुढे सरकतो का, ते बघायचं.

अश्वाचा गट सरकत राहतो. पताका जागच्या जागी फडकते, म्हणून ती बाजूला पडते.

मग अडचण कुठे आहे?

कोडेकला खऱ्या हालचालीशी देणंघेणं नसतं, त्याला डेटा वाचवायचा असतो. मोकळ्या आभाळाचे सगळे तुकडे सारखेच दिसतात, त्यामुळे तिथे भलताच व्हेक्टर लिहिला जाऊ शकतो. शिवाय ब्लॉकमुळे वस्तूची कड ओबडधोबड येते. नीट कड हवी असेल तर तेवढ्याच भागाचे पिक्सेल उघडून तपासतात. तो माणूस की कुत्रा, हे ठरवणारं एआय मॉडेलही तेवढ्याच भागावर चालवलं की काम हलकं होतं.

शेतातल्या कॅमेऱ्याचं काय?

आमच्याकडे विहिरीवरच्या मोटारीची आणि केबलची राखण करायला कॅमेरे बसवतात. सगळेच कॅमेरे व्हेक्टर वाचत नाहीत, काही पिक्सेलची तुलना करतात. पण त्रास दोघांनाही तोच: वाऱ्यानं हलणारा ऊस, रात्रीच्या चित्रातले दाणे, इन्फ्रारेड दिव्यापुढचे किडे. रात्रभर मोबाईल वाजतो, वैतागून माणूस नोटिफिकेशन बंद करतो आणि खरंच कुणी केबल कापायला आलं तर मोबाईल गप्प! खोटा अलर्ट महाग पडतो तो असा.

म्हणून ॲपमध्ये एवढं करा:

- डिटेक्शन झोन फक्त मोटार आणि पायवाटेपुरता ठेवा, ऊस बाहेर काढा.
- ह्युमन डिटेक्शन असेल तर चालू करा.
- सेन्सिटिव्हिटी थोडी कमी करून रात्री स्वतः समोरून चालून बघा. अलर्ट आला, तर सेटिंग बरोबर आहे.
- कॅमेरा घट्ट बसवा. खांब हलला की सगळं चित्रच हलतं.