विषुववृत्त : आधी आकाशात, मग नकाशावर

'पृथ्वीचे समान भाग करते म्हणून इक्वेटर' अशी आपली समजूत असते. शब्दाचा इतिहास वेगळा आहे, मित्रांनो.

मध्ययुगीन लॅटिनमध्ये 'एक्वेटर डिएई एत नोक्टिस' हे आकाशातील एका वर्तुळाचे नाव होते. अर्थ : दिवस आणि रात्र यांना समान करणारा. मार्च आणि सप्टेंबरमध्ये सूर्य या वर्तुळावर येतो, तेव्हा जगभर दिनमान आणि रात्रिमान जवळजवळ सारखे होते. ग्रीकांचे 'इसेमेरिनोस', म्हणजे समदिनाचे वर्तुळ, हेच सांगते. १३९१ च्या सुमारास चॉसरने अ‍ॅस्ट्रोलेब या यंत्रावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. त्यातला 'इक्वेटर'ही आकाशातलाच. या वर्तुळाचे प्रतल पृथ्वीला जिथे छेदते, ती रेषा म्हणजे आपल्या नकाशावरचे विषुववृत्त.

आपला 'विषुव' तर कितीतरी जुना. ऐतरेय ब्राह्मणात 'विषुवत्' हा वर्षभर चालणाऱ्या सत्राचा मधला दिवस आहे. अलीकडे सहा महिने, पलीकडे सहा महिने. तो दिवस संपाताचा की अयनान्ताचा, यावर विद्वानांत मतभेद आहेत. लोकमान्य टिळकांनी 'ओरायन'मध्ये (१८९३) संपाताची बाजू घेतली. ज्योतिषसिद्धान्तांच्या काळात मात्र समदिनरात्रीचा अर्थ रूढ झालेला दिसतो.

सिद्धान्तकारांनी भूमीवरील या प्रदेशाला आणखी एक नाव दिले : 'निरक्ष', जिथे अक्षांश शून्य. मला हे नाव अधिक नेमके वाटते. पाठ्यपुस्तकांत मात्र 'विषुव'च टिकला.