पारख आणि पालनपोषण : पिट्सबर्ग पायरेट्सची वाटचाल

1954 च्या उन्हाळ्यात पिट्सबर्ग पायरेट्स हा अमेरिकी बेसबॉलमधल्या सर्वांत दुबळ्या संघांपैकी एक होता. दोनच वर्षांपूर्वी त्याने एका हंगामातल्या 154 पैकी 112 सामने गमावले होते. संघाची सूत्रे ब्रँच रिकी यांच्या हाती होती. जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला डॉजर्स संघात आणून वर्णभेदाची भिंत फोडणारे हेच रिकी. त्याआधी सेंट लुईसमध्ये त्यांनी छोट्या गावांतले संघ हाताशी धरून कोवळे खेळाडू पायरी-पायरीने वर आणण्याची रीत बसवली होती. आज जिला 'फार्म सिस्टीम' म्हणतात, ती हीच. पिट्सबर्गला मात्र त्यांच्याकडे पैसा नव्हता. होती ती माणसे ओळखणारी माणसे.

त्यांतले एक क्लाइड सुकफोर्थ. जो ब्लॅक नावाचा पिचर पाहायला रिकींनी त्यांना मॉन्ट्रियल रॉयल्स या डॉजर्सच्या मायनर लीग, म्हणजे खालच्या पायरीच्या, संघाच्या मागावर पाठवले. सामन्याआधीच्या सरावात त्यांची नजर एका पोर्तो रिकन पोरावर खिळली. मैदानाच्या टोकावरून त्याने फेकलेला चेंडू बाणासारखा येत होता. प्रत्यक्ष सामन्यात मात्र त्याला फारसे खेळवत नव्हते, आणि त्यामागे कारण होते. डॉजर्सनी त्याला 10,000 डॉलर बोनस देऊन घेतले होते. 4,000 डॉलरपेक्षा जास्त बोनस घेतलेला खेळाडू मायनर लीगमध्ये ठेवला, तर हंगामाअखेरीस दुसऱ्या संघाला त्याला उचलता येत असे. मुलगा जितका कमी दिसेल तितके डॉजर्सच्या पथ्यावर पडणार होते. सुकफोर्थनी मूळ काम बाजूला ठेवले आणि त्याच्यावरच लक्ष केंद्रित केले. पायरेट्स तळाशी राहिल्यामुळे पहिली निवड त्यांची होती. नोव्हेंबर 1954 मध्ये 4,000 डॉलर मोजून त्यांनी रॉबर्टो क्लेमेंटेला घेतले.

पुढचा इतिहास बेसबॉलप्रेमींना पाठ आहे. 1960 आणि 1971 ची अजिंक्यपदे, 30 सप्टेंबर 1972 रोजीचा तीन हजारावा हिट, आणि त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेल्या विमानाच्या अपघातात झालेला मृत्यू.

क्लेमेंटे हा योगायोग ठरला नाही, याचे श्रेय हॉवी हॅक यांना द्यायला हवे. रिकींच्या हाताखाली तयार झालेले हे स्काउट पुढे दशकानुदशके कॅरिबियन बेटे आणि मध्य अमेरिका पालथी घालत राहिले. तिथे तेव्हा इतर बरेच संघ फिरकतही नव्हते. विशेषतः पनामाने पिट्सबर्गला भरभरून दिले : मॅनी सँगियेन, रेनी स्टेनेट, ओमर मोरेनो. 1 सप्टेंबर 1971 रोजी फिलाडेल्फियाविरुद्ध पायरेट्सचे नऊच्या नऊ खेळाडू कृष्णवर्णीय किंवा लॅटिन अमेरिकी होते. मेजर लीगच्या इतिहासात असे प्रथमच घडत होते. व्यवस्थापक डॅनी मर्टो यांनी मुद्दाम काही केले नव्हते, त्या दिवसाचे सर्वोत्तम नऊ निवडले होते. म्हणूनच मला तो दिवस मोठा वाटतो. सामना पायरेट्सनी 10-7 असा जिंकला. 1979 मध्ये मोरेनो सेंटर फील्डला असताना संघाने पुन्हा जागतिक मालिका जिंकली.

मग उतरण लागली. 1993 ते 2012 असे सलग 20 हंगाम या संघाने जिंकलेल्यांपेक्षा जास्त सामने हरले. उत्तर अमेरिकेतल्या कोणत्याही मोठ्या व्यावसायिक खेळात इतकी प्रदीर्घ पडझड झाली नव्हती.

सावरण्याची सुरुवात 2007 च्या सुमारास झाली. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये नील हंटिंग्टन सरव्यवस्थापक झाले आणि 2009 मध्ये डोमिनिकन रिपब्लिकमधल्या एल तोरो इथे संघाची नवी अकादमी उभी राहिली. आपल्याकडे कोल्हापूरच्या तालमीत पोरे राहतात, खातात, घाम गाळतात, तसेच हे जग. मैदाने, वसतिगृह, भोजनगृह, शिवाय शाळेचे आणि इंग्रजीचे वर्ग. वर्गांचा मुद्दा गौण समजू नये. सोळाव्या वर्षी करार करणाऱ्या बहुतेक मुलांना मेजर लीगचे मैदान कधीच लाभत नाही. करार संपल्यावर ती गावी परततात, तेव्हा हातात शाळेचा दाखला असणे-नसणे यावर पुढचे आयुष्य ठरते.

डोमिनिकन खेळाडूंच्या बाजाराची रीत कठोर आहे. 'बुस्कोन' म्हणवणारे स्थानिक प्रशिक्षक बारा-तेरा वर्षांची पोरे हेरतात, खाऊ-पिऊ घालतात, शिकवतात आणि करार झाला की बोनसमधून मोठा वाटा घेतात. कराराचे किमान वय सोळा असले तरी तोंडी बोलणी त्याच्या कितीतरी आधी होऊन जातात. अठरा वर्षांचा मुलगा तिथे 'उशिराचा' ठरतो. स्टार्लिंग मार्ते असाच उशिराचा. 2007 मध्ये पायरेट्सनी त्याला अवघ्या 85,000 डॉलरमध्ये घेतले, तेव्हा कुठल्या यादीत त्याचे नाव झळकत नव्हते. 2015 आणि 2016 या दोन्ही वर्षी क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लव्ह त्याने पटकावला. 2009 मध्ये दीड लाख डॉलरमध्ये आलेला ग्रेगरी पोलांकोही त्याच्या शेजारी आउटफील्डमध्ये उभा राहिला.

याच काळात पायरेट्सनी आपल्या देशाकडेही पाहिले. 2008 मध्ये जे. बी. बर्नस्टीन या क्रीडा एजंटने भारतात 'मिलियन डॉलर आर्म' ही स्पर्धा भरवली आणि हजारो तरुणांना वेगात चेंडू फेकायला लावले. तीतून उत्तर प्रदेशचे रिंकू सिंह आणि दिनेश पटेल पुढे आले. दोघेही भालाफेकपटू, दोघांनीही त्याआधी बेसबॉल हातात धरला नव्हता. लॉस एंजलिसमध्ये टॉम हाउस यांनी त्यांना काही महिने घडवले आणि नोव्हेंबर 2008 मध्ये पायरेट्सनी दोघांशी करार केला. अमेरिकी व्यावसायिक बेसबॉलमध्ये करार मिळवणारे ते पहिले भारतीय. दिनेशला 2010 मध्ये मोकळे केले गेले. डावखुरा रिंकू मात्र टिकून राहिला, ऑस्ट्रेलियातही खेळला आणि 2012 मध्ये वेस्ट व्हर्जिनिया पॉवर या मायनर लीग संघापर्यंत चढला. त्यानंतर दुखापतींनी आणि कोपराच्या शस्त्रक्रियेने घात केला. पुढे तो कुस्तीच्या रिंगणात वीर महान म्हणून नावाजला. या प्रयोगाला जाहिरातबाजी म्हणणारे होते आणि आहेत. मला ते पटत नाही. विशीच्या उंबरठ्यावर चेंडू पकडायला शिकलेला मुलगा चार वर्षांत त्या पातळीवर फलंदाज बाद करू लागतो, यात स्पर्धेइतकीच प्रशिक्षकांची चिकाटीही होती.

त्या चिकाटीचे फळ एप्रिल 2017 मध्ये दिसले. 24 तारखेला लिथुआनियात वाढलेला डोवीदास नेवेरौस्कस पायरेट्सकडून पिचिंगला उतरला. त्या देशातून मेजर लीगमध्ये आलेला तो पहिला खेळाडू. दोन दिवसांनी दक्षिण आफ्रिकेचा गिफ्ट न्गोएपे बॅट घेऊन आला. त्याची आई एका बेसबॉल क्लबमध्ये काम करायची आणि तो त्या क्लबहाउसच्याच एका खोलीत लहानाचा मोठा झाला. आफ्रिका खंडात जन्मलेला मेजर लीगचा हा पहिला खेळाडू. शिकागो कब्जच्या जॉन लेस्टरविरुद्ध पहिल्याच फलंदाजीत त्याने हिट मारला. त्याआधी मायनर लीगमध्ये तो आठ-नऊ वर्षे झिजला होता.

अशा मुलांची क्रमवारी लावायची कशी? स्काउट पाच गुण पाहतात : चेंडू बॅटवर घेण्याची हातोटी, ताकद, धावण्याचा वेग, क्षेत्ररक्षण आणि फेक. प्रत्येकाला 20 ते 80 या मापावर अंक मिळतो. 50 म्हणजे मेजर लीगचा सरासरी खेळाडू. हे मापही रिकींच्या नावावर सांगितले जाते. 1981 मध्ये सुरू झालेले 'बेसबॉल अमेरिका' हे नियतकालिक 1990 पासून सर्वोत्तम शंभर होतकरूंची यादी काढते, आणि आता प्रत्येक संघाची तीसजणांची वेगळी यादीही निघते. गुणांबरोबर वय, पायरी आणि जोखीम तोलली जाते. पायरेट्सच्या ब्रेडेंटनमधल्या मायनर लीग संघात एकोणीस वर्षांच्या मुलाने केलेल्या धावा आणि दोन पायऱ्या वर अल्टूनात चोविशीतल्या खेळाडूने केलेल्या धावा एकाच भावाने मोजता येत नाहीत. परदेशी मुलांबाबत जोखीम सर्वांत मोठी, कारण सोळाव्या वर्षी शरीर कुठल्या दिशेला वाढेल हे कुणालाच ठाऊक नसते. 2017 पासून प्रत्येक संघाला परदेशी बोनससाठी पक्की मर्यादा आहे. त्यामुळे श्रीमंत संघांना वाटेल तसा पैसा ओतता येत नाही. पिट्सबर्गसारख्यांना ही खरी संधी होती.

ती त्यांनी पुरती साधली असे म्हणवत नाही. 2019 च्या अखेरीस बेन चेरिंग्टन सरव्यवस्थापक म्हणून आले आणि होतकरूंची यादी पुन्हा भरली, पण मुख्यतः अमेरिकेतल्या ड्राफ्टमधून, म्हणजे नवोदितांच्या वार्षिक निवडीतून. 2023 ची पहिली निवड पॉल स्कीन्स पुढच्याच वर्षी सर्वोत्तम नवोदित ठरला. 2024 मध्ये नवव्या क्रमांकावर घेतलेला कॉनर ग्रिफिन वर्षभरातच देशातल्या होतकरूंच्या शिखरावर पोहोचला. ओनील क्रूझ हा डोमिनिकन असला तरी त्याला हेरले डॉजर्सनी. पिट्सबर्गला तो 2017 च्या अदलाबदलीत मिळाला. स्वतः शोधलेला मार्तेच्या तोडीचा दुसरा परदेशी खेळाडू त्यांच्या मैदानावर अजून उभा राहिलेला नाही. एडवर्ड फ्लोरेन्टिनो या डोमिनिकन तरुणाकडून आशा मोठी आहे.

आणि जे घडले, त्यांचे काय झाले? जानेवारी 2018 मध्ये पिचर गेरिट कोल ह्यूस्टनला आणि आउटफील्डर अँड्र्यू मॅककचन सॅन फ्रान्सिस्कोला गेला. जानेवारी 2020 मध्ये मार्ते ॲरिझोनाला गेला. पारख करण्यात या संस्थेने सत्तर वर्षांत अनेकांना मागे टाकले, पण घडवलेला खेळाडू राखण्याची तयारी मालकांनी दाखवली नाही, आणि पिट्सबर्गच्या प्रेक्षकांची तक्रार याच कारणाने रास्त आहे. 2015 नंतर 2025 च्या हंगामापर्यंत संघ एकदाही बाद फेरीत पोहोचला नाही. शेवटची जागतिक मालिका त्याने जिंकली ती 1979 मध्येच.