पिष्ट आणि मृत्तिका : खळीपासून पटलापर्यंत

पिष्टाच्या पटलात मृत्तिका मिसळून जैवविघटनशील आवरणे तयार करण्याचे प्रयोग एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून विशेष गाजले. तथापि या दोन द्रव्यांचा संयोग त्याहून पुष्कळ जुना आहे, आणि त्याचा पूर्वेतिहास फारसा गौरवास्पद नाही.

ताण्याच्या सुतास खळ देणे, म्हणजेच पांजणी करणे, हे विणकामाचे आवश्यक अंग होय. खळ सुकली म्हणजे धाग्यावर पिष्टाचे पातळ पटल बसते व मागावरील घर्षण तो धागा सोसू शकतो. लँकेशायरमध्ये ही खळ मूळची पीठ व चरबी यांची असे. क्रिमियन युद्धाच्या काळात (१८५३-५६) चरबी महाग झाली, तेव्हा कॉर्नवॉलची चिनी माती तिच्या जागी आली. आणि अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) चांगला कापूस दुर्मिळ होताच मातीचे प्रमाण वाढत गेले. काही कापडांत खळीचे वजन सुताच्या निम्म्याहून अधिक भरे. ग्राहक पैसे मोजी कापसाचे आणि घरी नेई माती! मात्र पहिली झळ लागली ती विणकरांना. टॉडमॉर्डनच्या विणकरांनी मागावर उडणाऱ्या धुळीविषयी तक्रार केली. तिची चौकशी करून डॉ. जॉर्ज ब्यूकॅनन यांनी १८७२ मध्ये अहवाल दिला. हिंदुस्थान व चीनकडे निघालेल्या कापडाच्या गाठींना वाटेतच बुरशी येई. ती रोखण्यासाठी खळीत झिंक क्लोराइड घालण्याचा प्रघात पडला.

येथे मातीचे कार्य मुख्यतः भरतीचे होते. त्यात व्यापाऱ्याचा हेतू होता, तसा मातीचा स्वभावही होता. चिनी मातीतील केओलिनाइटचे थर हायड्रोजन-बंधांनी एकमेकांस घट्ट धरून असतात; पाण्याने ते सुटत नाहीत. २००१ मध्ये ब्राझिलमधील संशोधकांनी ग्लिसरिनयुक्त पिष्टाच्या १०० भागांत ५० भाग केओलिन घातले, तेव्हा ताणबल ५ वरून ७.५ मेगापास्कलवर गेले खरे. परंतु तुटेपर्यंतची लांबवाढ ३० टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर आली. माँटमोरिलोनाइटचे थर मात्र पाण्यात फुगतात व सुमारे १ नॅनोमीटर जाडीच्या पत्र्यांच्या रूपाने विलग होऊ शकतात. असे पत्रे नीट पसरले तर थोडकी मृत्तिकाही पुरते, हे जपानमधील टोयोटाच्या संशोधकांनी नायलॉनच्या बाबतीत दाखविले होते (१९९३).

म्हणून पटल करताना मृत्तिका प्रथम पाण्यात फुगवून ढवळतात. मग तीत पिष्ट व ग्लिसरिन मिसळून कण फुटेपर्यंत तापवितात आणि ती पेज सपाट थाळीत ओतून सावकाश वाळवितात. मृत्तिकेच्या गुठळ्या राहिल्या तर ती पुन्हा निव्वळ भरतीच ठरते.

लँकेशायरच्या व्यापाऱ्यास नकोशी असलेली बुरशी येथे इष्ट होय, कारण तिच्यासारख्या सूक्ष्मजीवांनीच हे पटल मातीस मिळावयाचे असते. दमटपणाचा जुना दोष मात्र कायम आहे. पत्र्यांच्या आडोशाने बाष्पाचा मार्ग लांबतो, तरी पिष्ट आणि ग्लिसरिन ही दोन्ही पाणी ओढून घेतात व पावसाळी हवेत पटल मऊ पडते.