रात्री साडेअकरा, सेक्टर २८

१९९६. अमेरिकेत एअरबॅगचा प्रसार वाढत होता. कमी वेगाच्या धडकांमध्ये, एरवी सगळे वाचले असते अशा अपघातांत, पुढच्या सीटवरची लहान मुले एअरबॅगच्याच माराने दगावत होती. गाडीत ठळक इशारा लावणे सक्तीचे झाले. मुलांची जागा मागच्या सीटवर, हे तिथे तेव्हापासून सांगितले जाऊ लागले.

१ जुलै २०१९. भारतात नव्या गाड्यांना चालकासाठी एअरबॅग सक्तीची.

१ सप्टेंबर २०१९. मोटार वाहन कायद्यातले कलम १९४-ब लागू. १४ वर्षांखालील मुलाला सीटबेल्ट किंवा बालआसन नसेल तर दंड १,००० रुपये. मूल पुढे बसवू नका, असे या कलमात कुठेही म्हटलेले नाही.

१ जानेवारी २०२२. शेजारच्या पुढच्या सीटलाही एअरबॅग सक्तीची. पुढे बसायला मिळावे म्हणून मुले भांडतात ती हीच जागा. एअरबॅगबद्दलचा इशारा वरच्या सन व्हायजरवर असतो. तो वाचून घेणारे घर माझ्या तरी पाहण्यात नाही.

२१ डिसेंबर २०२४, शनिवार. वर्षातली सर्वांत मोठी रात्र. नवी मुंबईत सहा वाजून गेले आणि सूर्य मावळला.

रात्री उशिरा. वाशीतले एक वडील मुलांना घेऊन पाणीपुरी खायला निघाले. गाडी वॅगनआर. सहा वर्षांचा मुलगा वडिलांच्या शेजारी, पुढे. बाकीची मुले मागे. हा निर्णय घेतला असे कोणाला वाटतही नाही. कोण कुठे बसले, इतकेच. त्या रात्री असे बसून निघालेल्या गाड्या शहरात किती असतील. म्हणून या बापाला दोष देण्याचा अधिकार मला कोणाचाच वाटत नाही.

११:३०च्या सुमारास. सेक्टर २८, ब्लू डायमंड चौकाजवळ. पुढे एक भरधाव एसयूव्ही.

एसयूव्ही दुभाजकावर आदळली. तिचा मागचा भाग हवेत उचलला गेला आणि मागून येणाऱ्या वॅगनआरच्या बॉनेटवर कोसळला. आपल्या लेनमध्ये, आपल्या वेगाने गाडी चालवणाऱ्या माणसाने यातले काय टाळायचे?

इथून पुढे घड्याळ सेकंदांचे राहत नाही. एअरबॅगचे काम हजारांश सेकंदांत चालते.

पहिले १५ ते ३० मिलिसेकंद. सेन्सर धक्का मोजतो आणि फुगवण्याचा आदेश देतो. सीटवर कोण आहे, किती वर्षांचे आहे, हे साध्या यंत्रणेला कळत नाही.

सुमारे ५० मिलिसेकंद. रसायन पेटून वायू पिशवीत भरतो. पिशवी ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास वेगाने बाहेर येते. हिशेब मोठ्या माणसाचा आहे: पट्टा बांधलेला, डॅशबोर्डपासून किमान २५ सेंटिमीटर लांब. त्याचे शरीर पुढे येईपर्यंत पिशवी पूर्ण फुगलेली असते आणि मऊ पडू लागते. सहा वर्षांच्या मुलाची छाती आणि मान नेमकी पिशवीच्या वाटेत येते, धक्क्याने ते पुढे सरकले असेल तर आणखी जवळ. पिशवी त्याला झेलत नाही. फुगता फुगताच धडकते.

डोळ्याची एक उघडझाप होण्याआधी हे संपते.

११:३० नंतर. वडील आणि मागे बसलेली मुले किरकोळ दुखापतींवर वाचली. मुलाला रुग्णालयात नेले. अंगावर बाहेरून जखम नव्हती. डॉक्टरांनी त्याला मृत घोषित केले. शरीरातल्या रक्तस्रावामुळे मृत्यू झाल्याचे सांगण्यात आले.

वाशी पोलिसांनी एसयूव्हीच्या चालकावर बेदरकारपणे गाडी चालवल्याचा गुन्हा नोंदवला.